पहिली सिनेमानटी नक्की कोण, दुर्गाबाई की कमलाबाई? (स्किटसाठी हवंय)

घोडबंदरची_मीनल: नमस्कार मंडळी, आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत महिला दिनाला आम्ही बायका छोटं स्किट बसवतोय, मूकपटातल्या पहिल्या नटीवर. एक जण म्हणते दुर्गाबाई कामत, दुसरी म्हणते कमलाबाई गोखले, आणि व्हॉट्सॅपवर तिसरंच नाव फिरतंय. आणि कमलाबाई एवढ्या लवकर पडद्यावर आल्या तर लगेच मोठ्या स्टार का नाही झाल्या? प्लीज कुणीतरी नीट सांगा.

नौपाडा_नाट्यप्रेमी: ताई, दोघीही. मायलेकी होत्या त्या. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३) आई दुर्गाबाई पार्वती आणि लेक कमलाबाई मोहिनी. कमलाबाईंचा जन्म १९०० चा, म्हणजे वय बघा! त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना बाई मिळालीच नव्हती, वेश्यावस्तीतही विचारून झालं, तिथूनही नकार, मग हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर राम पण तेच नि सीता पण तेच. स्किट इथूनच सुरू करा, मिशा काढायला लावलेली तारामती दाखवा, पब्लिकला लगेच कळेल की दुर्गाबाईंनी हो म्हटलं ते केवढं होतं.

वाशीच्या_काकू: माझी एक कळकळीची विनंती, दुर्गाबाईंना नुसती 'हिरॉइनची आई' करू नका गं. नवऱ्यापासून वेगळं होऊन पोरीला घेऊन फिरत्या नाटक कंपनीत जायचं, तेही शंभरेक वर्षांपूर्वी, जेव्हा नाटकातसुद्धा बायकांची कामं पुरुषच करायचे आणि नाटकात काम करणाऱ्या बाईला चांगल्या घरात उभं करत नसत. पोटासाठी तर होतंच, पण हिंमत लागतेच की. मला तर या सगळ्यात खरी नायिका तीच वाटते.

कळवा_ते_दादर: मीनलताई, दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कमलाबाई मुळात रंगभूमीच्या, लहानपणापासून स्टेजवर, आणि संगीत नाटकात गळ्यावर सगळं. मूकपटात त्या गळ्याचा काय उपयोग? त्यामुळे त्या परत नाटकाकडे गेल्या यात मला नवल वाटत नाही. लग्न रघुनाथराव गोखल्यांशी, तेही नाटकातलेच. कमलाबाईंनी पुरुष भूमिकाही केल्या, हे स्किटमध्ये घ्याच. नवरा लवकर गेला, तीन मुलगे त्यांनी नाटकं करून वाढवले. त्यातले अभिनेते चंद्रकांत गोखले आपल्याला माहितीयेत, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक, आणि विक्रम गोखले कमलाबाईंचे नातू. बोलपट आल्यावर कमलाबाई पुन्हा सिनेमात दिसल्या. रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केलाय, मिळाला तर सगळ्या जणी मिळून बघा, म्हातारपणी त्या स्वतः बोलतायत त्यात.

घोडबंदरची_मीनल: खूप खूप थँक्यू सगळ्यांना! काकू, सुरुवात अण्णा साळुंक्यांपासून पण मुख्य रोल दुर्गाबाईंचाच ठेवतोय. आता एका नाट्यपदासाठी पायपेटी वाजवणारं कुणी ठाण्यात असेल तर प्लीज मेसेज करा, कराओके ट्रॅकवर नको वाटतंय.