प्रयागराज छिवकीला उतरून थेट अरैलला जावे की जंक्शन गाठावे? ज्येष्ठांसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझे आईवडील सत्तरी ओलांडलेले आहेत आणि प्रयाग, काशी व गया अशी त्रिस्थळी यात्रा करण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतर पुरी होत आहे. मुंबईहून ज्या गाडीत आम्हाला दोन खालचे बर्थ मिळाले, ती गाडी प्रयागराज जंक्शनला न जाता प्रयागराज छिवकीला थांबून पुढे मिर्झापूरकडे जाते, आणि तिची वेळ पहाटेची आहे. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे जिने आणि वाहनांची अदलाबदल शक्य तितकी टाळायची आहे.

नकाशा पाहून मला जे समजले ते मांडतो, म्हणजे कुठे चुकत असल्यास जाणकारांना सांगता येईल. मुख्य शहर गंगा आणि यमुना यांच्या बेचक्यात आहे, तर नैनी आणि छिवकी ही दोन्ही स्थानके यमुनेच्या दक्षिण तीरावर आहेत. सतना, माणिकपूरकडून येणारी गाडी जंक्शनला न्यायची तर ती यमुना ओलांडून शहरात न्यावी लागते आणि मिर्झापूरकडे जाण्यासाठी पुन्हा उलट आणावी लागते. तो फेरा वाचवण्यासाठी अशा गाड्या छिवकीवरून परस्पर पुढे काढतात. म्हणजे जंक्शन गाठायचे झाल्यास आम्हाला रिक्षाने पूल ओलांडावा लागेल. नैनीचा १८६५ सालचा जुना पूल, ज्याच्या वरच्या मजल्यावरून रेल्वे आणि खालून रस्ता जातो, तो बाबांना पाहायचा आहेच, पण सामानासह पहाटे तिकडून जावे की २००४ साली झालेल्या नव्या पुलावरून, हे ठरवता येत नाही.

माझा मुख्य प्रश्न मात्र वेगळा आहे. अरैल घाटही यमुनेच्या याच तीरावर, संगमाच्या समोर आहे. मग शहरात न शिरता छिवकीहून थेट अरैलला जाऊन तिथूनच नाव करावी, हे मला अधिक सोयीचे वाटते. अडचण वेणीदानाची आहे. आईला ते करायचेच आहे, आणि पतीने वेणी घालून तिचे टोक कापून त्रिवेणीत सोडण्याचा हा विधी आपल्याकडच्या घरांत क्षेत्रोपाध्यायांच्या हातूनच होतो. आमचे उपाध्याय दारागंजला, म्हणजे पलीकडच्या बाजूला राहतात. असे उपाध्याय अरैलच्या नावेवर येतात का, की यजमानांनी किल्ल्याजवळच्या घाटावरच यावे अशी त्यांची अपेक्षा असते? ज्यांनी अलीकडे वेणीदान केले आहे, त्यांनी हे अवश्य सांगावे, कारण बाकी सगळे नियोजन यावर अवलंबून आहे.

दारागंजलगत प्रयागराज संगम नावाचे स्थानकही आहे, पण ते प्रयाग स्थानकाहून निघालेल्या फाट्याचे शेवटचे टोक असल्याने आमच्या गाडीच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही. शिवाय माघ मेळ्याच्या मुख्य स्नानांना ते बंद ठेवतात असे वाचले आहे; आम्ही त्या काळात जात नसल्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही.

पुढचा टप्पा काशीचा. रामबाग स्थानकाहून, म्हणजे २०२० पूर्वीच्या इलाहाबाद सिटीहून, झूसीमार्गे गंगा ओलांडून वाराणसीकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, आणि जंक्शनहूनही आहेत. रामबाग स्थानक लहान असल्याने वृद्धांना तिथे कमी चालावे लागेल असा माझा अंदाज आहे, परंतु त्या गाड्यांत आरक्षित डबे पुरेसे असतात का आणि त्या वेळ पाळतात का, हे नेहमी जाणाऱ्यांकडूनच कळेल. सरळ मोटार करून जावे असे कोणी सुचवत असल्यास तेही विचारात घेईन, मात्र बाबांना रेल्वेनेच जायचे आहे आणि त्यांचे मन मोडण्याची माझी इच्छा नाही.

छिवकीला फलाटावरून बाहेर पडताना पादचारी पूल चढावाच लागतो का, लिफ्ट पहाटे चालू असते का, उजाडेपर्यंत थांबण्यासाठी प्रतीक्षालय बरे आहे का आणि त्या वेळी बाहेर अरैलसाठी रिक्षा मिळते का, एवढे जरी कोणी खात्रीने सांगू शकले तरी तिकीट कायम ठेवायचे की जंक्शनला जाणाऱ्या दुसऱ्या गाडीचे काढायचे, हे मला या आठवड्यात ठरवता येईल.