रेकॉर्ड कंपनीचा जुना बेंच व्हाइस मिळतोय, घेऊ का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक बेंच व्हाइस (टेबलावर बसवून काम घट्ट धरायचा शिकंजा) बघितला, रेकॉर्ड नं. ३, म्हणजे ४ इंची जबड्याचा, निळा रंग बराच उडालाय पण अंगावरचं 'मेड इन इंग्लंड' अजून स्पष्ट वाचता येतं. विकणारे मामा ३५०० म्हणतायत, बुधवारपर्यंत ठेवतो म्हणाले.

नवीन का नको, तर गेल्या वर्षी नवाच घेतला होता, आठ महिन्यात लोखंडी अँगल सरळ करताना जबड्याचा तुकडाच हातात आला. आतलं बीड (ओतीव लोखंड) सगळं भरड, मध्ये बारीक बारीक भोकं. आता एकदाच घ्यायचाय, पोराला पण पुरला पाहिजे.

जे बघितलं ते सांगतो. जबडे मिटवून मागे मोबाईलचा टॉर्च धरला, वर उजेड अजिबात येत नाही पण खाली केसाएवढी फट दिसते. हँडल उलटं फिरवलं की पाव फेरा रिकामाच जातो मग जबडा हलतो. जबड्यावरच्या एका प्लेटच्या खाचा गुळगुळीत झाल्यात, हँडल जरा वाकलंय. आणि सरकत्या जबड्याच्या मुळाशी एक बारीक रेघ आहे, ती चीर आहे की ओतकामाची खूण तेच कळेना, खरी काळजी तिचीच आहे.

उत्तर: दादा, खालच्या फटीचं टेन्शन घेऊ नका, आवळल्यावर जबड्याचं वरचं टोक किंचित मागे कलतं आणि मग तोंडं सरळ बसतात. फट वर असती तर नको म्हटलं असतं. रिकामा पाव फेरा आतल्या जुन्या नटाला चालतो, प्लेटा बदलता येतात. हँडल वाकलंय म्हणजे पाईप घालून आवळलेला असणार, म्हणून ती रेघ नीट तपासाच. तिथे रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वरून खडू घासा, चीर असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. शिवाय छोट्या हातोडीने टिचकी मारा, खणखणीत वाजला पाहिजे. बद्द वाजला तर सोडून द्या, बीडाला वेल्डिंग करून देतो कोणी म्हणालं तरी त्या जागी माझा तरी भरवसा नाही.

धागाकर्ता: बुधवारी जाऊन आलो. रॉकेल कुठे मिळालं नाही म्हणून डिझेल नेलं. दहा मिनिटं थांबलो, खडू पांढराच राहिला, आवाज पण घंटेसारखा! ३२०० ला घेतला. खूप आभार काका. आता प्लेटचे स्क्रू गंजून बसलेत, डिझेल सोडून ठेवलंय, स्क्रूची खाच मोडायची भीती वाटते, तापवून काढू का?