होल फूड मल्टिव्हिटॅमिन घ्यावं का? की नुसता नावाचा बडेजाव?

थकलेला_जीव:
मंडळी, जिमचा ट्रेनर मागे लागलाय की साधं मल्टिव्हिटॅमिन सोड, होल फूडवालं घे, ते म्हणे भाज्या-फळांपासून बनतं म्हणून अंगी लागतं, साधं सगळं लघवीतून जातं. महाग तर आहेच, वर दिवसाला तीन मोठाल्या गोळ्या. कोणी घेतंय का?

गोळीबार:
औषधाच्या दुकानात काम करतो म्हणून सांगतो, बाटली फिरवून मागचं बारीक वाच. ‘एस. सेरेव्हिसी’ दिसलं तर ते यीस्ट. बऱ्याचदा नेहमीचंच सिंथेटिक व्हिटॅमिन यीस्टला खाऊ घालतात, ते वाळवून गोळी पाडतात आणि वर पानाफुलांचं चित्र. नुसत्या पालकाच्या पावडरीतून प्रत्येक व्हिटॅमिन बरोब्बर १०० टक्के कसं निघेल, तूच सांग. व्हिटॅमिन सी संत्र्यातलं काय नि फॅक्टरीतलं काय, रेणू एकच. ई मात्र नैसर्गिक जास्त चांगलं, आणि फॉलिक ॲसिडचं नेमकं उलटं, गोळीतलं अन्नातल्यापेक्षा जास्त शोषलं जातं.

हिरवीगार:
मला साध्या गोळीने मळमळायचं, याने नाही होत. बाकी काही माहीत नाही बुवा.

रात्रपाळी:
मुळात मल्टिव्हिटॅमिन लागतं का ते बघा की आधी. फिजिशियन्स हेल्थ स्टडी २ मध्ये पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर दहा वर्षांहून जास्त काळ प्रयोग चालला, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. २०१२ ला निकाल आला, कॅन्सर ८ टक्के कमी, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये काहीच फरक नाही. आणि ती गोळी साधीच होती बरं का! आणि हो, सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) गोळ्यांपासून लांबच राहा, १९९४ च्या फिनलंडच्या अभ्यासात फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढला होता.

थकलेला_जीव:
सिगारेट नाही ओढत. थकवा येतो म्हणून घेत होतो, रक्त वगैरे काही तपासलेलं नाही.

गोळीबार:
अरे मग आधी डॉक्टरला दाखव ना! हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी१२, थायरॉइड बघायला सांगतील. ज्याची कमतरता निघेल त्याचा नीट डोस लागतो, मल्टिव्हिटॅमिनमधल्या चिमूटभराने ती भरून निघेलच असं नाही. फक्त गोळीत बायोटिन (हे एक बी व्हिटॅमिन) असेल तर लॅबला आधी सांग, जास्त डोस असला की थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. आणि घरात कोणी वॉर्फरिनवर, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळीवर, असेल तर ही हिरव्या पावडरवाली बाटली त्यांना परस्पर देऊ नकोस, व्हिटॅमिन के असतं त्यात, त्याने त्या औषधाचा असर कमी होऊ शकतो.