बीएसडब्ल्यू (समाजकार्याची डिग्री) कुठून करू? कमी फीवालं सुचवा प्लीज

नमस्कार मंडळी, बहिणीची बारावी आर्ट्स झाली, आता बीएसडब्ल्यूच करायचंय म्हणतेय. गेलं वर्षभर भांडुपला आमच्या चाळीमागच्या बालवाडीत शिकवते, रोज एकाला तरी कडेवर घेऊन घरी पोचवून येते, त्यामुळे नाद खरा आहे. बाबा रिक्षा चालवतात म्हणून फी जपून. मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन कॉलेज डोक्यात आहे, नाहीतर इग्नू ओपन युनिव्हर्सिटीतून करून नोकरी सांभाळायची, पण फिल्डवर्क तिथेही असतंच ना, मग बालवाडीची सुट्टी कशी जमवता? पुढे टिसमधून (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल वर्कमध्ये मास्टर्स करायचं झालं तर इग्नूची डिग्री चालते ना? आणि ओबीसी स्कॉलरशिपचे पैसे वेळेत येतात का, की आधी फी आपणच भरायची? कोणी केलं असेल तर खरं खरं सांगा.