जपान सहल ग्रुप: आओमोरीचा ४ तारखेचा घोळ

मंजिरी (ए-३०२): दामलेकाका, कालचा आओमोरी शहराचा तक्ता बघितला. ४ ऑगस्टला सकाळी ओइरासेचा झरा, दुपारी हिरोसाकी शहर, संध्याकाळी नेबुता, म्हणजे आतून दिवे लावलेल्या कागदी चित्ररथांची मिरवणूक. काका, नकाशा उघडा ना एकदा! ओइरासेला डोंगरातून बसने जायचं, हिरोसाकीला दुसऱ्याच दिशेला रेल्वेने.

दामलेकाका: तक्ता करायला कोणी पुढे आलं नाही म्हणून मी केला. सूचनांचं स्वागत आहे.

नेनेकाका: हॉटेल आओमोरी स्टेशनजवळच घ्या. शिन-आओमोरी नको.

अनिकेत: मंजिरीताईचं बरोबर आहे. आओमोरीहून ओइरासेच्या इशिगेदो थांब्याला बसने अडीच तास. तिथून नेनोकुचीपर्यंत झऱ्याकाठाने ९ किमी, म्हणजे तीन तास चाल. परत यायला पुन्हा तीन तास. आठ-साडेआठ तास झाले, त्यात जेवण नाही. बसही मोजक्याच, एक हुकली तर संध्याकाळची नेबुता गेली.

प्राजक्तावहिनी: मग थोडंच चालू या?

अनिकेत: चालेल, पण दिवस वेगळा हवा. आणि इशिगेदोहून वर चढत जा, म्हणजे पाणी समोरून येताना दिसतं. झरा तोवादा तलावातून निघतो, त्यामुळे पाणी फारसं चढत-उतरत नाही. म्हणून तर प्रवाहातल्या दगडांवर शेवाळं टिकतं, चक्क झाडं उगवतात. हे धावतपळत बघायचं नाही हो.

बापट (सी-१०१): ओसोरेझानचा डोंगर पण घाला की. आत्म्यांशी बोलणाऱ्या इताको बायका असतात ना?

मंजिरी: त्यांची जत्रा २० ते २४ जुलै. आपण जातोय ऑगस्टमध्ये.

बापट: म्हणजे पूर्वजांनाही तारीख आधी विचारायला हवी होती 😄

दामलेकाका: विषयावर या. आणि तिघांची आगाऊ रक्कम अजून आलेली नाही. नावं घेत नाही.

बापट: घ्या की नाव. सोमवारी भरतो म्हटलं होतं.

नेनेकाका: पुन्हा सांगतो, शिन-आओमोरी नको. बुलेट ट्रेन तिथे थांबते, पण मिरवणूक आओमोरी स्टेशनच्या बाजूला. अगदी पुढचंच स्टेशन असलं तरी रात्री गर्दीत गाडीची वाट बघत बसाल.

शहाकाकू: आमच्या जेवणाचं काय? मिसो सूप चालेल ना?

प्राजक्तावहिनी: नाही काकू. त्यात दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क. अंड्याच्या गोड वड्या, इनारी सुशीचं तळलेलं तोफू, सोबा नूडल्सचं सूप, सगळीकडे तीच. नुसतं मीठ लावलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, मागा. थेपले न्याच.

शहाकाकू: सफरचंदं तरी मिळतील?

प्राजक्तावहिनी: जपानची निम्म्याहून जास्त सफरचंदं आओमोरीची! पण मुख्य तोडणी शरदात.

मंजिरी: तक्त्याचं बोलू या? माझं म्हणणं: ४ला सान्नाई-मारुयामा. हजारो वर्षांपूर्वीच्या जोमोन काळातली वस्ती, २०२१ पासून जागतिक वारसा. सहा खांबांचा मनोरा पुन्हा उभारलाय, मूळ खड्ड्यांत मीटरभर जाडीचे चेस्टनटचे बुंधे सापडले होते. तिथून पाचच्या आत परत. ५ला हिरोसाकी, रेल्वेने पाऊण तास. ६ला ओइरासे. त्या रात्री नेबुता बघायची नाही.

दामलेकाका: ६ची नेबुता सोडायची? कठीण आहे.

अनिकेत: दोन रात्री मिळतात काका, पुरे. शिवाय ७ला मिरवणूक दुपारी असते, रात्री समुद्रावर आतषबाजी. आणि स्टेशनला लागूनच वा रास्से हे संग्रहालय, तिथे बक्षीस मिळालेल्या नेबुता वर्षभर असतात. तिथे अगदी जवळून बघा: तारेच्या सांगाड्यावर कागद, त्यावर काळ्या रेघा, मग मेणाच्या. मेणावर रंग चढत नाही, रंग एकमेकांत मिसळत नाहीत, आणि तिथूनच आतला दिवा जास्त उजळून दिसतो. मिरवणुकीत हे डोळ्यांत भरायच्या आत पुढे जातं.

नेनेकाका: हॉटेल आओमोरी स्टेशनजवळ. लिहून घेतलंत का?

दामलेकाका: घेतलं नेनेकाका, तिसऱ्यांदा. मंजिरी, तुझा क्रम पक्का. रात्री नवा तक्ता टाकतो.

प्राजक्तावहिनी: ४ला नाचायला उतरणाऱ्यांनो, हानेतोचा, म्हणजे मिरवणुकीत नाचणाऱ्यांचा, पोशाख पूर्ण लागतो, नुसती टोपी घालून आत घेत नाहीत. भाड्याने मिळतो. पायातले ताबी (जपानी मोजे) सेंटिमीटरच्या मापाने असतात, सैल झाले की उड्या मारून फोड येतात. टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजून आज रात्री दहाच्या आत माप मला वैयक्तिक पाठवा.