मदत हवी आहे: 'बंद' म्हणून विकायला ठेवलेला याशिका इलेक्ट्रो ३५ हा जुना रोलचा कॅमेरा दुकानातच कसा तपासावा?

मंडळी, शनिवारच्या आत सल्ला हवा आहे.

चोरबाजारात मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात, पितळी दिव्यांच्या मागे, याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन सापडला. दुकानातले चाचा म्हणाले, "बंद है, शो के लिए ले जाओ." अठराशेवरून चौदाशेपर्यंत आले आहेत आणि शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो म्हणालेत. (शुक्रवारी तिथली दुकानं बंद, रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो.) बोरा बाजारात याच मॉडेलचे, चालू स्थितीतले, सात हजार सांगितले. तेवढे आत्ता माझ्याकडे नाहीत.

मला हा कॅमेरा शोसाठी नकोच आहे. हल्ली जुने कॅमेरे कॅफेच्या भिंतीवर नाहीतर सिरियलच्या सेटवर जातात. एकदा तिथे गेले की त्यांत पुन्हा कुणी रोल घालत नाही. ज्याच्या लेन्समधून अजून उत्तम फोटो निघू शकतो असा कॅमेरा शोभेला टांगलेला बघून जीव तुटतो माझा. चाचांनी तो स्वतः तपासलेला नाही. कुणाच्या तरी घरातल्या सामानाबरोबर आला आणि येतानाच बंद म्हणून आला. पण त्यात नेमकं काय बंद पडलंय? सेल, वायर, शटर, की सगळंच? हे मला दुकानात उभ्याउभ्या शोधून काढायचं आहे.

आजवर वाचलं ते असं. इलेक्ट्रो ३५ ची मालिका १९६६ मध्ये सुरू झाली, जीएसएन १९७३ चा. लेन्स ४५ एमएम, एफ/१.७ याशिनॉन. अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा आपला आपण ठरवतो, आणि त्यासाठी त्याला सेल लागतो. मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल केव्हाच बनायचा थांबला. या कॅमेऱ्याचा सेलचा कप्पा तर रिकामाच आहे. म्हणजे इतकी वर्षं याला 'बंद' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी सेल घालून पाहिला असेल, अशी मला शंका आहे.

माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते: वाइंडिंगचा खटका पूर्ण फिरतो, अडकत नाही. बटण दाबलं की बारीक 'टिक' येतो. मागचं झाकण उघडलं तर कडेच्या खाचांमधला फोम डांबरासारखा चिकट झालाय. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर आहे. व्ह्यूफाइंडरच्या मधला पिवळा ठिपका फिकट आहे, पण फोकसची रिंग फिरवली की त्यातली दुसरी प्रतिमा सरकते. लेन्स बाहेरून स्वच्छ, आतून अजून बघायची आहे. बाहेरून पोचा कुठे नाही.

रोल न घालता, पाच-दहा मिनिटांत, यात काय काय तपासता येईल? सेलच्या जागी आज काय चालतं, आणि ते मुंबईत कुठे मिळेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठला दोष दिसला तर चौदाशे रुपयेही देऊ नयेत? "जुनं आहे, सोडून दे" हा सल्ला घरी भरपूर मिळतोय. इथे कुणी हा कॅमेरा प्रत्यक्ष वापरला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, हाच कॅमेरा मी लग्नाआधीपासून वापरतोय, म्हणून लिहितो.

सेल नसला तरी या कॅमेऱ्याचं शटर उघडतं, मात्र ऑटोवर ते कायम १/५०० सेकंदाने. तुम्ही ऐकलेला 'टिक' हा बहुधा तोच. त्यामुळे तो पूर्ण मेलेला नसावा. मागचं झाकण उघडं ठेवा, अॅपर्चर एफ/१.७ वर आणा, लेन्स उजेडाकडे धरा आणि मागून बघत बटण दाबा. क्षणभर गोल उजेड चमकला पाहिजे. नाही चमकला तर शटरच्या पात्या तेलाने चिकटल्यात. मग तो मेकॅनिकचा विषय. मागून बघतानाच अॅपर्चरची रिंग एफ/१६ पर्यंत फिरवा, पात्या मिटताना दिसायला हव्यात.

आता कान देऊन ऐकायची गोष्ट. शटर मारल्यावर पुन्हा खटका फिरवताना आतून एक जाड 'ठक' यायला हवा. इलेक्ट्रोच्या आत रबराचा एक इवलासा तुकडा असतो, तो वर्षानुवर्षांत विरघळतो, आणि मग हा ठक येईनासा होतो. त्यानंतर मीटर (उजेड मोजणारा भाग) आणि शटर यांचा मेळ राहत नाही, उजेड जास्त असल्याचा लाल आणि वेग हळू असल्याचा पिवळा दिवा भलतेच लागतात. दुरुस्ती होते, पण त्यासाठी बराच कॅमेरा उघडावा लागतो. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने करण्यातलं ते काम नाही. बाजाराच्या गलक्यात ठक ऐकू येणार नाही, कॅमेरा कानाला लावूनच फिरवा. ठक असेल तर माझ्या मते डोळे झाकून विकत घ्या. नसेल तर पाचशेच्या वर जाऊ नका.

आणि बटणाभोवतीचं कडं लॉकवर नाही ना ते आधी बघा. एवढ्या कारणाने बंद ठरलेले कॅमेरे मी पाहिलेत. सेल्फ टायमरला मात्र हात लावू नका. जुन्या कॅमेऱ्यांत तो मध्येच अडकला की शटरही अडकवून ठेवतो.

प्रतिसाद २

सेलचं मी सांगतो. मूळ सेलऐवजी ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो. ऑनलाइन मिळतो. तो नाही मिळाला तर साधे एलआर४४ बटण सेल चार घ्या, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतात. एकावर एक रचून जाड कागदाच्या सुरळीत घट्ट गुंडाळा. दीड व्होल्टचे चार, म्हणजे सहा झाले. मूळ सेल जाड आणि लांब होता, त्यामुळे बाजूची जागा कागदाने भरा आणि लांबीची कमी अॅल्युमिनियम फॉइलच्या गोळीने किंवा बॉलपेनच्या जाडसर स्प्रिंगने काढा. ५.६ च्या जागी ६ व्होल्ट दिले तर या कॅमेऱ्याला फरक पडत नाही. मी वर्षानुवर्षं तसेच वापरतो आहे. कप्प्यातली अधिक-उणेची खूण बघून घाला.

ही सुरळी घरूनच तयार करून न्या. सेल घातल्यावर मागचं चेकचं बटण दाबलं की वर फ्रेम काउंटरपाशी हिरवा दिवा लागतो. नाही लागला तर घाबरू नका. तुम्ही म्हणताय तो हिरवट-पांढरा थर म्हणजे जुना सेल आत फुटलाय, आणि संपर्काची पट्टी किंवा तिला जोडलेली वायर सडलेली असणार. पट्टी पांढऱ्या व्हिनेगरात बुडवलेल्या कापसाच्या काडीने साफ होते. वायर बदलायला डाग (सोल्डर) द्यावा लागतो, तोही मोठा खर्च नाही.

प्रतिसाद ३

मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. मुंबईत जुन्या कॅमेऱ्याचा खरा शत्रू सेल नाही, बुरशी आहे. इथल्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेला कॅमेरा म्हणजे बुरशीला आयतं घर. अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून शटर उघडं राहील असं बघा आणि पुढून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कुठे आहेत ते बघा. कडेला एखादा धागा असेल तर फोटोत सहसा दिसत नाही. मधोमध पसरली असेल, किंवा काच दुधाळ दिसत असेल, तर सोडून द्या. लेन्सच्या कोटिंगला बुरशीने खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतात.

शिवाय रोल आणि तो धुण्याचा खर्च धरा. कॅमेरा स्वस्तात मिळाला तरी पहिले दोन रोल चाचणीतच जातील.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३, राग कसला, हा मुद्दा माझ्या यादीत नव्हताच. एक शंका: सेल नसताना शटर १/५०० नेच मिटतं, मग टॉर्च मारण्यापुरतं ते उघडं कसं ठेवायचं?

प्रतिसाद १

सेल चालले तर सोपं आहे. उजेड मोजणारा डोळा लेन्सवर नसून समोर वरच्या बाजूला, व्ह्यूफाइंडरच्या खिडकीशेजारी असतो. ऑटोवर ठेवून त्यावर बोट दाबा, बटण दाबून धरा. कॅमेऱ्याला अंधार वाटतो आणि शटर उघडं राहतं. बोट काढलं की मिटतं. हीच इलेक्ट्रॉनिक भागाची सगळ्यात चांगली परीक्षा. सेल नाही चालले तर पुढची काच पुढून आणि मागची काच मागून, अशी वेगवेगळी टॉर्चने बघा.

धागाकर्ती

घेतला! बाराशेला.

ठक आला, अगदी स्पष्ट. कॅमेरा कानाला लावून उभी होते तेव्हा चाचांनी स्वतःहून दुकानातला पंखा बंद केला. लेन्सच्या पुढच्या काचेला कडेला बुरशीचा एक बारीक धागा आहे, मध्ये काही नाही. सेलची सुरळी घालूनही हिरवा दिवा लागला नाही, तरी ठक आणि लेन्स यांच्या भरवशावर घेतला. कारण हिशोब असा केला: इलेक्ट्रॉनिक भाग कायमचा गेला असता, तरी १/५०० हा एक वेग हातात होता. २०० एएसएच्या (एएसए म्हणजे रोलची उजेड टिपण्याची क्षमता) रोलवर कडक उन्हात एफ/११, ढगाळ असेल तर अॅपर्चर दोन-तीन घरं (रिंगवरचे आकडे) उघडून, एवढ्यावर मरीन ड्राइव्हवर अख्खा रोल काढता आला असता.

घरी व्हिनेगरने पट्टी चकचकीत केली, तरी दिवा नाही. वायर वरून अखंड दिसत होती, पण चिमट्याने जरा ओढली तर टोकाशी भुगा झाली. फोर्टात एका दुरुस्तीवाल्या काकांनी माझ्यासमोर नवी वायर जोडून दिली आणि हिरवा दिवा लागला. बोट ठेवून शटर उघडं राहण्याची परीक्षाही पास. चिकट फोम स्पिरिटने खरवडून काढला आणि खाचांमध्ये काळी लोकर बसवली आहे.

आता पुढचा प्रश्न. रोल घालण्याआधी मीटर खरं सांगतोय की नाही हे कसं ताडून पाहू? लाल आणि पिवळा दोन्ही दिवे लागतात, पण योग्य जागी लागतात का, हे कळत नाही.

प्रतिसाद २

अभिनंदन! एएसए २०० वर ठेवा आणि दुपारच्या निरभ्र उन्हात, ऊन पडलेल्या भिंतीकडे कॅमेरा धरा. अशा उन्हात एफ/११ ला साधारण १/४०० लागतो, एफ/८ ला १/८००. कॅमेऱ्याची धाव १/५०० पर्यंतच. म्हणून बटण अर्धं दाबल्यावर एफ/११ ला लाल दिवा विझलेला हवा आणि एफ/८ ला पेटलेला. भिंत पांढरीशुभ्र नको, मळकट बघा. एका घराचा फरक आला तर एएसएची तबकडी तेवढी पुढेमागे करून भागतं. पिवळा दिवा १/३० पेक्षा हळू वेगाला लागतो. रात्री ट्यूबलाइटच्या खोलीत एफ/४ ला तो लागलाच पाहिजे. मोबाईलवरच्या लाइट मीटर अॅपशीही ताडून बघा.

प्रतिसाद ३

छान झालं, मनापासून आनंद झाला. पहिला रोल साधा २०० चा रंगीत घाला, महागाच्या फंदात पडू नका. प्रत्येक फोटोचं अॅपर्चर आणि कुठला दिवा लागला होता ते वहीत लिहा. रोल आत असताना कॅमेरा थोडा वेळ उन्हात राहू द्या, म्हणजे लोकर नीट बसली नसेल तर निगेटिव्हवर उजेडाचे पट्टे येतील आणि कुठली खाच गळतेय ते कळेल. धुवायला देताना निगेटिव्ह परत हव्यात असं आधीच सांगा, काही ठिकाणी नुसते स्कॅन पाठवतात. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून खटका फिरवत जा. निगेटिव्ह आल्या की इथेच टाका, पट्टे दिसले तर मिळून बघू.