'निऱ्या दुधाची इच्छा धरा' यातलं 'निऱ्या' म्हणजे नेमकं काय?

पंचगंगाकाठ:
आमच्या घरी दर गुरुवारी संगती असते, प्रार्थनेला आणि बायबल वाचायला आठदहा जणं जमतो. त्यात एक पोरगा आहे, शिरोलीला फाउंड्रीत कामाला, बाप्तिस्मा होऊन दोनच महिने झालेत आणि घरात तो एकटाच विश्वासात आलाय. त्याला मी बायबलातलं पेत्राचं पहिलं पत्र वाचायला दिलं होतं, कारण नवीन माणसाची वाढ कशी होते ते दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे: तारणासाठी तुमची वाढ व्हावी म्हणून नव्या जन्मलेल्या बाळांसारखी निऱ्या दुधाची इच्छा धरा, अशी ती ओवी. तर परवा बायबलवर बोट ठेवून विचारतो, दादा, निऱ्या तर साडीच्या असतात, दुधाच्या कुठल्या? मी शुद्ध दूध म्हणून सांगून टाकलं, पण सांगताना माझ्याच लक्षात आलं की हा शब्द मी पंचवीस वर्षं चर्चमध्ये ऐकतोय न् म्हणतोय आणि चर्चच्या पायरीखाली उतरल्यावर एकदाही वापरलेला नाही. नुसता 'शुद्ध' एवढाच अर्थ आहे का अजून काही? त्याला नीट सांगायचंय, पोरगं मनापासून वाचतंय.

शुद्धलेखनवाला:
मूळ शब्द निरा, निरी, निरं. म्हणजे निव्वळ, दुसरं काही न मिसळलेलं. 'निरा वेडेपणा आहे हा' असं म्हणतो ना, तोच हा. निळ्या शाईचा तसं निऱ्या दुधाचा, सामान्यरूप झालं एवढंच. साडीच्या निऱ्या हे 'निरी'चं अनेकवचन, तो शब्दच वेगळा, आणि प्यायची नीरा दीर्घ 'नी'ची, तिचाही संबंध नाही. 1811 ला सेरामपूरला मराठी नवा करार छापला तेव्हापासून भाषांतरं पुन्हा पुन्हा होत आलीत, पण चर्चच्या मराठीत जुने शब्द टिकून राहतात. आपल्या कोल्हापुरात मिशनरी वाइल्डरसाहेब 1852 ला आले, तेव्हापासून किती पिढ्यांनी ही भाषा पाठ केली असेल. मला ते आवडतं, पण नवीन माणसाला शब्द उघडून दाखवायला पाहिजे. पंडिता रमाबाईंनी शेवटची कितीतरी वर्षं भाषांतरात घातली ती याचसाठी, साध्या बाईला वाचून कळावं म्हणून.

गंगावेशकर:
एवढं लांब कशाला जाताय, त्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या की. म्हस समोर उभी, ग्लास धरायचा, धार थेट त्यात, वर बोटभर फेस, आणि तसंच उभ्या उभ्या प्यायचं. कास आणि ओठ यांच्या मधे पाणी घालायला कुणाला जागाच नाही. निरं दूध ते हेच.

पंचगंगाकाठ:
भावा हे लई आवडलं. फक्त एक, तू म्हणतोस ते धारोष्ण, म्हणजे धारेचं ऊन ऊन दूध, आणि निरं म्हणजे बिनभेसळीचं. शब्द दोन आहेत, पण कट्ट्यावर दोन्ही एकाच ग्लासात मिळतात हे खरं.

ग्रीकचा विद्यार्थी:
इथं मूळ भाषेत एक गंमत आहे जी मराठीत दिसतच नाही. निऱ्यासाठी ग्रीक शब्द आहे 'आदोलोस'. 'दोलोस' म्हणजे कपट, 'आ' लावला की कपट नसलेलं. धान्यात खडेमाती मिसळलेली नाही हे सांगायलाही तेव्हाच्या कागदपत्रांत हाच शब्द यायचा. आता याच्या आधीची ओवी काढा, तिथं सांगितलंय सर्व दुष्टपणा, सर्व कपट, ढोंग, हेवा सोडा, आणि त्या 'कपट'ला तिथं 'दोलोस'च आहे. म्हणजे पेत्र म्हणतो तुमच्यातली भेसळ काढा आणि बिनभेसळीचं प्या. मराठीत 'निष्कपट दूध' म्हणता येत नाही म्हणून दोन ओव्यांचा सांधा सुटला. काही भाषांतरांत 'वचनरूपी' दूध आहे, काहींत 'आध्यात्मिक', तो 'लोगिकोस' या एकाच शब्दाचा फरक आहे, रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायातल्या पहिल्या ओवीतही तोच आहे.

आणि 'इच्छा धरा' मला फार मवाळ वाटतं. 42 व्या स्तोत्रात हरिणी पाण्यासाठी 'लुलपते', म्हणजे तळमळते ना, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तिथं हेच क्रियापद आहे. बाळ इच्छा धरत नाही हो, ते रडून घर डोक्यावर घेतं.

पेठेतली आई:
हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी विश्वासात आले तेव्हा माझ्या हातात पहिल्याच आठवड्यात एक वही दिली होती, काय खायचं नाही, कुठं जायचं नाही, कुणाकडं जेवायचं नाही, दोन पानं भरून नियम, आणि वाचायला म्हणून थेट बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण. सात शिक्के, सात कर्णे, मला रात्री झोप लागेना. कुणी म्हटलं नाही की बाई आधी येशू कोण आहे ते वाच. सहा महिन्यांनी एका म्हाताऱ्या मावशींनी मार्ककृत शुभवर्तमान उघडून दिलं, चारांमधलं सगळ्यात छोटं, 16 अध्याय, म्हणाल्या रोज एक वाच आणि वाचून झालं की देवाशी बोल, तुझ्या भाषेत, चर्चची भाषा आली नाही तरी चालतंय. ते माझं निरं दूध.

त्या पोराला एवढंच सांगा दादा. थोडं पण रोज. मोबाईलवर दिवसभर येणारे व्हिडिओ आणि फॉरवर्ड केलेली भाकितं याच्यात किती पाणी आहे ते त्याला अजून ओळखता येणार नाही, आधी खऱ्या दुधाची चव जिभेवर बसू दे, मग भेसळ आपोआप कळते. आणि घरी आईशी वाद घालू नको म्हणावं, तिच्या हातचं जेवायचं, शिफ्टवरनं आला की तिच्याजवळ बसायचं. आपल्या आशेचं कारण सौम्यतेनं सांगा हे याच पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे.

शुद्धलेखनवाला:
पण दूध किती दिवस? इब्री लोकांस पत्रात 5 व्या अध्यायात तर दूध पिणाऱ्यांची कानउघाडणीच केलीय.

पंचगंगाकाठ:
हा प्रश्न मलाही पडायचा. पण तिथं बोलणं जुन्या लोकांशी आहे, एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते त्यांना अजून दूधच लागतंय आणि जड अन्न पचत नाही, ही तक्रार आहे. करिंथकरांनाही पौल तेच म्हणतो. पेत्राच्या ओवीत तक्रार नाहीच, तिथं दूध म्हणजे आयुष्यभर लागणारं वचन. शब्द एकच, वापर दोन. नवीन माणसाला इब्रीची ओवी ऐकवून घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शिरोळचा शेतकरी:
कलस्सैकरांस पत्रात 'मुळावलेले' असा शब्द आहे, तो पण सांगा त्याला. उसाची कांडी लावली की पहिल्यांदा फुटतात त्या बेण्याच्या मुळ्या, त्यांच्यावर आणि कांडीतल्या रसावर कोंब थोडे दिवस जगतो. मग कोंबाला स्वतःच्या मुळ्या फुटतात आणि बेण्याच्या वाळून जातात. पहिले काही महिने तुमच्या संगतीच्या प्रार्थनेवर तो उभा राहील, त्यात कमीपणा नाही. पण स्वतःच्या मुळ्या कधी फुटतात तिकडं लक्ष असू द्या, आणि रोज उकरून बघू नका.

पेठेतली आई:
किती खरं. ओवीत पण 'वाढा' असा हुकूम नाही, 'तुमची वाढ व्हावी' असं आहे. आपण प्यायचं, वाढवणारा दुसरा. आपल्या मराठीत ताटात घालणं पण वाढणंच ना, ज्याला कुणी वाढलं तोच वाढतो.

पंचगंगाकाठ:
काल त्याला शिफ्ट सुटल्यावर गंगावेशीत घेऊन गेलो. हाताला अजून फाउंड्रीची काळी माती होती, नखात. ग्लास भरला, फेस मिशीला लागला, अर्ध्यावर थांबला आणि म्हणाला यात कुणी काही घालूच शकत नाही की. मी म्हटलं हेच. तिथंच बाकड्यावर बसून आदोलोसचं सांगितलं, आधीची ओवी वाचली, 'कपट' आणि 'निऱ्या' दोन्हीखाली त्यानं पेन्सिलनं रेघ मारली आणि दोन्ही रेघा समासात एका बाणानं जोडल्या. मार्कचा पहिला अध्याय आज रात्री वाचणार आहे.

येताना एका पतसंस्थेच्या बोर्डाकडं बघून गाडी थांबवायला लावली. 'सोनेतारण कर्ज'. दादा, ओवीत 'तारणासाठी' आहे ते हेच तारण का, गहाण ठेवायचं? उद्या त्याचा वेगळा धागा काढतो, ग्रीकवाल्यांनी आणि पेठेतल्या ताईंनी जरूर या.